पहिलंच कौटुंबिक नाटक बसवतोयस ना, मग एवढं कर

अरे मस्त, नक्की कर! फक्त आधी लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) सर्टिफिकेट बघ, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

कास्टिंग करताना सगळे नवीन लोक एकच चूक करतात, मीपण केली होती, चांगला आवाज दिसला की लगेच रोल देऊन टाकायचा. कुटुंबाचं नाटक आहे, त्यामुळे आई आणि मुलगा शेजारी बसवून एकत्र वाचून घे, ते एकमेकांचं ऐकतात का ते बघ, प्रेक्षकाला नातं तिथेच पटतं. आणि तालमीला रोज येणारा साधा नट उत्तम पण गायब होणाऱ्या नटापेक्षा कधीही बरा.

- पहिले पाच-सहा दिवस नुसतं वाचन, उभं राहायची घाई नको.
- स्टेजचं माप घेऊन तालमीच्या जागेत खडूने आखून घे. छोट्या स्टेजवर सोफा, डायनिंग टेबल, देव्हारा सगळं कोंबलं की नटांना हलायला जागा उरत नाही आणि मास्किंग होतं, म्हणजे एक नट दुसऱ्याला प्रेक्षकांपासून झाकतो.
- चहाचे कप, चष्मा, पेपर तालमीत पहिल्यापासून हातात दे.

लाईट, म्युझिकचं नंतर बोलू. कुठलं नाटक घेतलंयस?