दादाचा नंबर आणि तुझा थ्रो

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात दादाच्या जागी आता तू क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. जर्सीचा नंबर शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे आणि दादाचा 12 नंबर तुझ्यासाठी राखून ठेवला आहे, हे ऐकल्यावर आनंद होण्याऐवजी पोटात गोळा आला, असे तू लिहितोस. हे पत्र त्या गोळ्याबद्दल आहे. मी या कॉलेजात 22 वर्षे संख्याशास्त्र शिकवत आहे आणि त्यातली 19 वर्षे दर शनिवारी स्टँडच्या सर्वांत वरच्या रांगेत बसून संघाच्या प्रत्येक प्लेची नोंद वहीत करत आलो आहे. चेंडू मात्र मी आयुष्यात कधी फेकलेला नाही. काका उंटावरून शेळ्या हाकतात असे तुला वाटले, तर ते वाटणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

गेल्या शनिवारच्या सराव सामन्यातले तुझे इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेला थ्रो, मी फिल्मवर तीन वेळा पाहिले. तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) होता, 8 यार्ड हवे होते आणि चेंडू डाव्या हॅशवर, म्हणजे मैदानावर आखलेल्या खुणांच्या दोन ओळींपैकी डाव्या ओळीवर, होता. तू उजवीकडच्या रिसीव्हरला (चेंडू झेलणाऱ्याला) 12 यार्डांचा आउट, म्हणजे पुढे धावून बाजूरेषेकडे वळणाऱ्याला द्यायचा थ्रो, टाकलास. नोंदीत हा थ्रो 12 यार्डांचा म्हणून उतरतो, पण प्रत्यक्षात मैदान 160 फूट रुंद असते आणि कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमधले अंतर 40 फूट असते, म्हणजे डाव्या हॅशपासून उजवी बाजूरेषा 100 फूट दूर राहते. त्यात तू स्नॅपनंतर (चेंडू हाती आल्यावर) मागे घेतलेले सहा-सात यार्ड धरले, तर चेंडूला हवेतून जवळपास 35 यार्डांचा प्रवास करावा लागतो, आणि तेवढा वेळ रिसीव्हरवर लक्ष ठेवणारा बचावपटू, कॉर्नरबॅक, काही हाताची घडी घालून उभा राहत नाही. दादा हा थ्रो टाकायचा, कारण त्याच्या खांद्यात ती ताकद होती. तुझ्या खांद्यात ती नाही. त्याच क्षणी डाव्या बाजूला, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर, 9 यार्डांवर वळून थांबलेला रिसीव्हर पूर्ण मोकळा होता. फिल्ममध्ये त्याचे दोन्ही तळहात छातीपाशी उघडे दिसतात. तुला 8 यार्ड हवे होते आणि तू तिकडे पाहिलेसुद्धा नाहीस.

तू ज्याला दादाची सावली म्हणतोस ती मला इथे दिसली. स्टँडमधले लोक काय म्हणतात, स्थानिक वर्तमानपत्र तुझ्या नावाआधी ‘धाकटा भाऊ’ लावते, जेवताना आईच्या तोंडून ‘दादा असं करायचा’ निघून जाते, हे सगळे त्रासदायक आहे, हे मला मान्य आहे. पण त्यातले काहीही पॉकेटमध्ये, म्हणजे थ्रो टाकताना तुझ्याभोवती उभ्या राखणदारांच्या कोंडाळ्यात, तुझ्यासोबत येत नाही. पॉकेटमध्ये येते ती तू स्वतः पाठ केलेली दादाच्या थ्रोंची यादी. सांगलीच्या शाळेत मी माझ्या ताईसारखी गणिते सोडवायला जायचो. ती मधल्या पायऱ्या गाळायची, म्हणून मीही गाळायचो; तिचे उत्तर बरोबर यायचे आणि माझे चुकायचे. दोन वर्षे मी शिक्षकांवर रागावून होतो, ताईवरही. माझ्या पायऱ्या मीच गाळत होतो, हे फार उशिरा लक्षात आले.

क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंगचे उदाहरण तुला सगळेच देत असतील आणि बहुतेक जण ते चुकीच्या टोकाने देतात. त्याने पुढे दोन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाचे सामने, जिंकले, हे आपल्या कामाचे नाही. आपण तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आहोत, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नाही. आपल्याला पाहायचा आहे तो 1999 सालचा, 18 वर्षांचा मुलगा. थोरला भाऊ पेटन टेनेसी विद्यापीठ गाजवून व्यावसायिक संघांच्या 1998 च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) पहिला निवडला गेलेला, आणि हा गेला मिसिसिपी विद्यापीठात, म्हणजे ‘ओल मिस’ला, जिथे वडील आर्ची यांचा 18 नंबर निवृत्त केलेला आहे आणि कॅम्पसवरची वेगमर्यादासुद्धा त्यांच्या मानासाठी ताशी 18 मैल आहे. वर प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ, म्हणजे टेनेसीत पेटनला घडवणारेच गृहस्थ. एका सावलीतून निघून तो दोन सावल्यांत जाऊन बसला, असेच म्हणावे लागेल. पहिले वर्ष त्याने रेडशर्ट म्हणून, सामने न खेळता, काढले, दुसरे बहुतांशी बाकावर, आणि 2001 मध्ये संघ हाती आला, तेव्हा आर्कान्सासविरुद्ध सात ओव्हरटाइम खेळून ओल मिस 58-56 असे हरले. 2003 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध (एलएसयू) शेवटच्या चौथ्या डाउनला स्वतःच्याच गार्डचा, म्हणजे समोरच्या राखणदाराचा, पाय पायावर पडून तो कोसळला आणि सामना 17-14 असा गेला. त्या क्षणी पेटनचे काय नडले? काहीही नाही, गार्डचा बूट नडला. तो मोसम ओल मिसने 10-3 असा संपवला.

मला त्याच्यात आवडते ते वेगळेच. पेटन स्नॅपआधी हातवारे करत, ओरडत साऱ्या रांगेला नाचवायचा. ईलायने मात्र त्याच गुरूकडून बचाव वाचण्याचे शिक्षण घेतले आणि हातवारे भावाकडेच ठेवले. तुझा दादा हडलमध्ये, म्हणजे प्लेआधीच्या घोळक्यात, गर्जना करायचा. तू परवा तशी करून पाहिलीस, तेव्हा तुझा सेंटर (तुला स्नॅप देणारा) मान खाली घालून हसत होता, हे मी दुर्बिणीतून पाहिले आहे.

हे सगळे जमत नसेल, तर कॉलेज बदलण्यातही कमीपणा नाही. क्वार्टरबॅक तुआ टागोवायलोआचा धाकटा भाऊ टाउलिया 2019 मध्ये त्याच्याच अलाबामा संघात होता. पुढच्या वर्षी तो मेरीलँडला गेला आणि तिथे काही मोसम मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळला. पण तुला इथली शिक्षणाची शाखा आवडते, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हा मुद्दा वाढवत नाही.

दादाशी बोलणे मात्र तोडू नकोस. त्याला ‘मी कसा खेळलो?’ हा प्रश्न विचारायचे थांबव. त्याऐवजी विचार की, आपल्या पहिल्या प्रतिस्पर्ध्याचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) तिसऱ्या डाउनला स्नॅपच्या आधी कोणत्या पायावर भार टाकतो. त्यांच्याविरुद्ध तो तीन वर्षे खेळला आहे. असले उत्तर दुसरे कोणी देऊ शकणार नाही, आणि शिकागोत नोकरीला लागलेल्या त्याला असे काही विचारले गेले, तर त्यालाही बरे वाटेल.

राहिला नंबर. मॅनिंग भावांतला सर्वांत थोरला कूपर मणक्याच्या विकारामुळे खेळू शकेनासा झाला, तेव्हा पेटनने शाळेच्या संघात त्याचा 18 नंबर अंगावर घेतला. तो न खेळू शकणाऱ्या भावासाठी होता. तुझा दादा ठणठणीत आहे, त्याच्या वतीने खेळण्याची गरज कोणालाच नाही. शिवाय दोन वर्षे 12 ला चेंडू देणारा सेंटर आणि 12 कडून तो झेलणारे तिघे रिसीव्हर अजून संघात आहेत. तोच आकडा समोर दिसला की, ते त्या लांब आउटची वाट पाहत धावतील. म्हणून माझे मत 12 नको असे आहे. तरी घ्यावासा वाटला तर घे, फक्त डाव्या हॅशवरून तो थ्रो टाकू नकोस.

सोमवारी चार वाजता फिल्म पाहायला माझ्या खोलीवर ये, सेंटरलाही घेऊन ये. आईने पाठवलेला लाडवांचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. अर्धा उरला आहे.

तुझा,
काका