क्षमा आणि फाशी यांची गल्लत करू नकोस

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

तरुण संघाच्या सभेत ‘ख्रिस्ती माणसाने फाशीचे समर्थन करावे काय?’ या विषयावर तू बोलणार आहेस आणि त्यासाठी वचने जमवतो आहेस, असे तुझ्या पत्रावरून कळले. वचने दोन्ही बाजूंना सापडतील. रक्तपात करणाऱ्याचा रक्तपात मनुष्याकडून होईल, असे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे आणि रोमकरांस पत्रात पौल अधिकाऱ्याच्या हातातल्या तलवारीला देवाची सेवा मानतो. पण त्याच उत्पत्तीत, भावाचा खून करणाऱ्या काइनाला कोणी ठार करू नये म्हणून देव स्वतः त्याच्यावर खूण करतो. वचनांची नुसती मोजदाद करून हा वाद आजवर कोणी जिंकलेला नाही.

मंडळीचे मतही एकाच जागी थांबलेले नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्याने, दंडाची तलवार अधिकाऱ्याच्या हाती राहू दिली. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथातही अतिगंभीर गुन्ह्यांसाठी देहदंडाला जागा होती. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अशी वेळ आता जवळजवळ येतच नाही असे लिहिले आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या ग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला.

सभेत खरा घोटाळा होतो तो क्षमेवर. एक जण म्हणतो, येशूने क्षमा शिकवली, म्हणून फाशी नको. दुसरा विचारतो, मग तुरुंग तरी कशाला? दोघेही क्षमा आणि शिक्षा एकच धरून चालतात. इ. स. ४१२ च्या सुमारास, आपल्याच पंथाच्या धर्मगुरूंवर हल्ले करणाऱ्यांना देहदंड देऊ नका, अशी विनंती उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने रोमन अधिकाऱ्याला केली, पण त्यांना मोकळे सोडा असे म्हटले नाही. त्यांना उपयोगी श्रमाला लावा, असे सुचवले. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, तरीही खटला चालला. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. क्षमा ग्लॅडिसबाईंची होती. निकाल न्यायालयाचा होता.

आपल्या बेळगावकरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण फाशीचा खांब इथेच हिंडलग्याच्या कारागृहात आहे. २०१३ मध्ये वीरप्पनचे चार साथीदार दयेचा अर्ज फेटाळला गेल्यावर तिथे मरणाची वाट पाहत होते. त्यांत ख्रिस्तीही होते. अर्जाच्या निर्णयाला झालेल्या अवाजवी विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. ज्या पालारच्या सुरुंगस्फोटासाठी ही शिक्षा झाली होती, त्यात ज्यांची माणसे गेली, त्यांना क्षमेविषयी त्या निकालात कोणी विचारले नाही, आणि तसे विचारणे हे न्यायालयाचे कामही नव्हते.

माझे मत विचारशील तर, गुन्हेगाराला आयुष्यभर कोंडून ठेवणे राज्याला शक्य असताना त्याने माणसाचा जीव घेऊ नये. न्यायाधीश चुकू शकतो आणि पश्चात्तापाला लागणारा वेळ किती, हे कोणत्याही न्यायालयाला ठरवता येत नाही. हे ठामपणे मांड. मात्र ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले आहे, त्यांनी क्षमा करावी, अशी मागणी व्यासपीठावरून करू नकोस. असे कुटुंब तुमच्या मंडळीत असेल, तर सभेआधी पाळकांबरोबर त्यांच्या घरी जा आणि तू काय बोलणार आहेस ते त्यांना आधी ऐकव.

तुझा शुभचिंतक