सिंहाची नाणी आणि बिनविम्याचं घर

आइंडहोव्हनहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय ४१, मूळ गाव वेंगुर्ला. गावातल्या डच वखारीमुळे लहानपणापासून डच नाण्यांचं वेड. आता लिलावात सतराव्या शतकातल्या ३० 'लेउवेनडाल्डर'चा, म्हणजे सिंहाची छाप असलेल्या डच चांदीच्या नाण्यांचा, गठ्ठा आला आहे, फीसकट १२,००० युरोंना. 'नऊ वर्षांत दुप्पट होतील, मुलीच्या कॉलेजची सोय होईल,' असं ओळखीच्या विक्रेत्याने सांगितलं. घ्यावीत का?

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. हे नाणं साधारण २७ ग्रॅमचं, त्यात चांदी पाऊण हिस्सा, म्हणजे वीसेक ग्रॅम. ग्रॅमला दोन युरो धरले तर चांदी ४० युरोंची, आणि तुम्ही मोजणार ४००. बाकीचे ३६० संग्राहकाच्या हौसेचे. त्यात ही नाणी हातोड्याने पाडलेली. ठसा कुठे खोल, कुठे पुसट, आणि नाण्यावर ढालीमागे उभ्या असलेल्या सरदाराचा चेहरा तर बहुतेक वेळा उमटलेलाच नसतो. चांगलं नाणं आणि साधारण नाणं यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो. गठ्ठ्यात काय येतं, ते समजून घ्या.

आता खर्च. तुमच्या १२,००० मधले २,००० लिलावघराचे, म्हणजे बोली १०,००० ची. विकताना १५ टक्के कापले जाणार. हातात २४,००० यायचे तर बोली २८,००० च्या वर जायला हवी, म्हणजे नऊ वर्षं सलग, दरसाल १२ टक्के वाढ. अशी खात्री देणाऱ्या विक्रेत्याकडून मुलीच्या शिक्षणासाठीचं काहीही घेऊ नका.

पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींनी मला जास्त अस्वस्थ केलं. घराचं कर्ज ३,२०,००० युरो, अजून २२ वर्षं फेडायचं. पत्नी नोकरी करत नाहीत. आणि 'विमा आहे, भारतात दोन एंडोमेंट पॉलिसी, वर्षाला १,८०,००० रुपये भरतो.' एंडोमेंट म्हणजे विमा आणि बचत एकत्र. त्यांचं संरक्षण १८ लाख, म्हणजे जेमतेम १८,००० युरो! उद्या तुम्हाला काही झालं तर कर्जाच्या सतराव्या हिश्शाचीही सोय नाही. 'कर वाचतो' म्हणून त्या तुमच्या गळ्यात मारल्या. पण भारतात तुमचं करपात्र उत्पन्नच नाही, तर वाचणार कुठला कर? वीस वर्षांत ३६ लाख भरून ६२ लाख मिळतील असं तुम्ही लिहिता, तो परतावा पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि तोही रुपयांत, तर तुमचं कर्ज युरोंत.

म्हणून आधी नेदरलँड्समध्येच, कर्जाएवढ्या रकमेचा साधा मुदतीचा विमा काढा. त्यात परतावा काही नाही, आणि म्हणूनच तो स्वस्त आहे. तब्येतीचे कागद खरे भरा. विमा मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्यावरच त्या दोन्ही पॉलिसी पेड-अप करून घ्या, म्हणजे हप्ते थांबतील आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू राहील. सात वर्षं भरलेत, तेव्हा त्याआधी सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्यास मिळणारी, आणि पेड-अपची रक्कम, दोन्ही लेखी मागवा.

बँकेतल्या १५,००० पैकी १२,००० या नाण्यांत घालायचा तुमचा बेत होता. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला तेवढे पैसे हाताशी हवेतच. त्यांना हात लावू नका.

हौस मात्र सोडू नका. विम्याचं काम झालं की एकच नाणं घ्या, न घासलेलं, सरदाराचं डोकं नीट उमटलेलं, आधीच्या मालकांची नोंद असलेलं. समुद्रात बुडालेल्या जहाजावरचं म्हणून कुणी प्रमाणपत्र दाखवलं, तर आधी खाऱ्या पाण्याने पृष्ठभाग किती खाल्लाय ते बघा. मुलीला दाखवायला ते एक पुरेसं आहे.