इलेक्ट्रिक गाडीचे टायर बदलताय? आधी हे बघा

अरे, घाईत स्वस्तातला जोड उचलू नकोस. बॅटरीमुळे तुझी गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड आहे, म्हणून साइजइतकाच लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, महत्त्वाचा. टायरच्या कडेला साइजनंतर ९४ किंवा ९८ असा आकडा दिसेल: ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, ९८ म्हणजे ७५०. कंपनीने दिलाय त्याहून कमी आकड्याचा टायर घालायचाच नाही, दुकानदार कितीही ‘चालतंय हो’ म्हणाला तरी.

दुसरं, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध; तो जास्त असला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, कमी होते. मी एकदा निव्वळ ग्रिपच्या मोहात टायर घेतले आणि रेंज डोळ्यांदेखत घटली. पण फक्त रेंजच्या मागे लागून ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग मात्र घालवू नकोस.

आतून फोम लावलेले टायर शांत असतात खरे, पण पंक्चर काढताना मेकॅनिक कुरकुरतो.

आणि हो, टायर कधी बनला ते कळायला कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार अंक वाच. ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. जुना माल सरळ परत कर.