निऑन उपाशी का राहतात?

प्रश्न : दिवाळीत आम्ही दोन फुटांची टाकी आणली. त्यात सहा झेब्रा आणि सहा निऑन मासे सोडले. सासऱ्यांना माशांचा फार लळा लागलाय. मासे काचेशी आले की ते चिमूटभर खाणं टाकतात, दिवसातून सात-आठ वेळा तरी. झेब्रा सगळं फस्त करतात, निऑन मात्र झाडामागून बाहेर येत नाहीत. आता पाणी दुधाळ झालंय आणि दोन निऑन मेले. दुकानदार म्हणतो, खाणं बदला. कुठलं आणावं आणि किती द्यावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, नवा डबा आणू नका. घरात आहेत तेच फ्लेक्स, म्हणजे माशांच्या खाण्याचे पातळ पापुद्रे, चालतील. आधी पाण्याचं बघू, कारण उरलेले चार निऑन त्यावर अवलंबून आहेत. आज आणि उद्या काहीही टाकू नका. तळाशी साचलेलं पाइपने ओढून घ्या आणि टाकीतलं पाव पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच ओता. असं एक दिवसाआड, पाणी निवळेपर्यंत करा. फिल्टर बंद ठेवायचा नाही आणि त्यातला स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा.

दुधाळपणा म्हणजे उरलेल्या खाण्यावर पोसलेले जिवाणू. पण न खाल्लेलं अन्नच पाणी नासवतं, असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. मासा जे खातो त्यातला बराचसा नत्र तो अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यातच सोडतो. त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला नव्या टाकीत महिना-दीड महिना लागतो. तुमच्या टाकीत पन्नासेक लिटर पाणी, त्यात सात-आठ चिमटी. झेब्रांनी कण न् कण संपवला असता तरी ते पाणी निऑनला बाधलंच असतं. निऑन मुळात जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतच सोडावेत, हे माझं ठाम मत आहे. नव्या टाकीसोबत ते विकले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. झेब्रा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचं तोंड बघा, किंचित वर वळलेलं आहे. पाण्यावर पडलेले कीटक, त्यांच्या अळ्या, बारीक जलजीव असं तो दिवसभर टिपत फिरतो. त्याला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. साठवायला जागाच नाही, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाणं हा त्याचा स्वभाव आहे. तो काचेशी आला म्हणजे उपाशी आहे असं नाही. माणूस दिसला की खाणं पडतं, एवढं तो शिकलाय.

निऑन अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. झाडांच्या सावलीतलं, मंद उजेडाचं पाणी त्याच्या सवयीचं. तो मधल्या थरात राहतो आणि समोरून तरंगत खाली येणारा कण पकडतो. पृष्ठभागावर झेब्रांची झोंबाझोंबी चालू असताना तिथे जायचा धीर त्याला होत नाही. त्यात थवा अपुरा. थव्यात राहणारे मासे एकमेकांच्या भरवशावर खातात, कारण जितके डोळे जास्त, तितकं प्रत्येकाला पहाऱ्यातून मोकळं होऊन खाण्याकडे बघता येतं. टोनी पिचर, अॅन मॅगुरन आणि इयन विनफिल्ड यांनी १९८२ साली गोल्डफिश आणि मिनो माशांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की थवा मोठा असला तर त्यातल्या माशांना अन्नही लवकर सापडतं. तुमचे सहाचे चार झाले. त्यांच्यापुरती टाकी आणखी धोक्याची झाली.

म्हणून असं करा. सकाळी दिवा लावल्या लावल्या खाणं देऊ नका. रात्री निऑनचा निळा पट्टा फिका पडलेला असतो. तो पुन्हा लखलखू लागेपर्यंत, साधारण अर्धा तास, थांबा. मग टाकीच्या एका टोकाला, वरच्या वर, झेब्रांसाठी फ्लेक्स टाका. ते तिकडे गुंतले की दुसरा वाटा द्या. बोटांनी अगदी बारीक चुरलेले फ्लेक्स वाटीभर टाकीच्या पाण्यात भिजवून, बिनसुईच्या सिरिंजने निऑनच्या झाडाजवळ मधल्या खोलीवर हळूच सोडा. भिजलेला चुरा तरंगत नाही, सावकाश खाली जातो. निऑनला हवा असतो तो नेमका तसाच. मिनिटभरात संपेल एवढंच द्यायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही दिलं तरी चालतं.

आणि सासऱ्यांच्या हातून हे काम काढून घेऊ नका. सकाळी दिवसभराचं खाणं एका छोट्या डबीत काढून त्यांच्या हाती द्या. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. सिरिंजचं काम तर त्यांनाच सांगा. त्याला लागते ती सवड आणि माया, दोन्ही त्यांच्याकडे आहेत. पाणी निवळून महिना उलटला, की आणखी सहा निऑन आणा. झेब्रा मात्र वाढवू नका.

प्रश्न : मी सातवीत आहे. गणपतीला आम्ही पाच दिवस गावी जातो. माझ्याकडे दहा रासबोरा आहेत. दुकानात मिळणारी, पाण्यात हळूहळू विरघळणारी खाण्याची वडी टाकून जाऊ का?
– सांगली

उत्तर : नको रे. ती वडी बऱ्याचदा पाणी खराब करते आणि ते बघायला घरी कोणी नसतं. निरोगी, मोठे झालेले रासबोरा पाच दिवस सहज काढतात. निघायच्या आदल्या दिवशी जास्त खायला घालू नकोस, उलट पाव पाणी बदल. शेजारच्या काकूंना सांगायचंच असेल तर दोनच पुड्या बांधून दे, एकेका दिवसाची एकेक, आणि डबा कपाटात ठेव. डबा बाहेर राहिला की पाहुणेमंडळी प्रेमाने ओततात.

प्रश्न : माशांना पोळीचा चुरा, कुरमुरे चालतात का? आणि दुकानातले जिवंत लाल वर्म्स?
– सोलापूर

उत्तर : पोळी आणि कुरमुरे नकोत. या बारक्या माशांना प्रथिनं हवीत, पीठ नको. ते फुगतं आणि कुजतं. लाल वर्म्स, म्हणजे ट्युबिफेक्स, बहुधा सांडपाण्याच्या गाळातून काढलेले असतात आणि सोबत रोग आणतात. मी ते माझ्या टाक्यांत घालत नाही. जिवंत खाणं द्यायचंच असेल तर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक कोळंबीसारख्या जीवाची, अंडी आणा. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घाला, हवेचा पंप सोडा. २८ अंशांच्या आसपास दिवसभरात नारिंगी पिल्लं बाहेर पडतात. ती बारीक कापडाने गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्या. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, तेव्हा माशांना लगेच संपवता येतील एवढीच सोडा.