खिडक्यांना स्वस्त ब्लाइंड्स लावावेत की चांगल्या दर्जाचे शटर्स?

घर भाड्याचं असेल किंवा दोन-तीन वर्षांत सोडायचं असेल तर ब्लाइंड्सच घ्या. शटर्स, म्हणजे चौकटीत बसवलेल्या जाड पट्ट्यांच्या झडपा, त्या खिडकीच्या मापानेच बनतात, दुसऱ्या घरात ते सहसा बसत नाहीत.

घर स्वतःचं असेल तर मी सगळ्या खिडक्यांना एकच उत्तर लावणार नाही. ऊन थेट येणाऱ्या आणि रोज उघडझाप होणाऱ्या खिडकीला शटर्सवर खर्च करा. स्वस्त ब्लाइंड्समध्ये आधी बिघडते ती दोरी आणि वरची यंत्रणा; ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकदा दुमडल्या की घडी कायमची राहते. शटर्सच्या पट्ट्या जाड असतात आणि चौकट भिंतीला पक्की बसते, म्हणून ते कितीतरी जास्त टिकतात. मात्र उकाडा हाच मुख्य त्रास असेल तर शटर्स बाहेरून बसवता येतात का ते आधी पाहा. ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर खोली जास्त थंड राहते. आतून लावलेलं काहीही तेवढा फरक पाडत नाही.

बाथरूममध्ये लाकूड नको, ते ओलाव्याने फुगतं. तिथे पीव्हीसी घ्या. क्वचित वापरातल्या खोलीला साधा रोलर ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळला जाणारा पडदा, पुरतो.

आणि घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी असलेले ब्लाइंड्स कृपया घेऊच नका. ती गळ्यात अडकून मुलं दगावली आहेत. बिनदोरीचे ब्लाइंड्स मिळतात, थोडे महाग पडले तरी तेच घ्या.