सहा माणसांच्या घराला गरम पाण्यासाठी १०० लिटरचा सोलर पुरेल, की ५० लिटरचा एकच मोठा गिझर बसवावा?

तुम्ही लिहिलंय ते असं: साताऱ्यात दुमजली घराचं काम चालू आहे, माणसं सहा, बाथरूम तीन, पाणी बोअरचं. सोलरवाला १०० लिटर म्हणतोय. प्लंबर म्हणतोय ५० लिटरचा एकच गिझर लावून लाइन सगळीकडे फिरवू. खालच्या आजी-आजोबांच्या बाथरूमला गॅस गिझर घ्यायचं तुमच्या मनात आहे.

सातारा-कराडकडे मी घरांची प्लंबिंगची कामं करतो. माझं मत सरळ सांगतो: २०० लिटरचा, काचेच्या ट्यूबांत पाणी तापवणारा (ट्यूबवाला) सोलर, जोडीला १५ लिटरचे दोन गिझर, आणि बाथरूमच्या आत गॅस गिझर अजिबात नको. लिटरचा आकडा चुकला तर एखाद्याची आंघोळ लांबते. पाइप आणि दाब चुकला तर २०० लिटर वर भरलेले असूनही खाली गार पाणी येतं.

आधी लिटर. अंगावर घ्यायचं पाणी साधारण ४० अंशांचं. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश धरा. ६० अंशांच्या एका लिटरमध्ये २० अंशांचं एक लिटर मिसळलं की ४० चे दोन लिटर होतात. म्हणजे दीड बादलीत, ३० लिटरमध्ये, आंघोळ उरकणाऱ्याला ६० अंशांचं कडक पाणी १५ लिटरच लागतं. शॉवर मात्र मिनिटाला ८ लिटरने आठ मिनिटं चालला तर ६४ लिटर, त्यात कडक ३२. चौघं बादलीवाले आणि दोघं शॉवरवाली मुलं धरली तर कडक पाणीच १२४ लिटर झालं. त्यात भांडी आणि पाइपात गारठून वाया जाणारं पाणी मिळवा, १५० सहज ओलांडतं. डिसेंबरात ढगाळ दिवशी सोलरचं पाणी ६० पर्यंत जातच नाही, म्हणून २००.

प्लंबरच्या ५० लिटरच्या गिझरमधून ४० अंशांचं पाणी १०० लिटर मिळेल. दुसरा मुलगा शॉवरखाली असतानाच ते संपत येईल. मग २ किलोवॉटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला ७० मिनिटं लागतात आणि सव्वादोन युनिटांहून जास्त वीज जाते. १५ लिटरचा गिझर त्याच कॉइलवर २१ मिनिटांत तयार होतो, पाऊण युनिटाच्या आत. सकाळी सातला तीन बाथरूम एकदम चालू असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

ट्यूबवालाच का, तर तुमचं पाणी बोअरचं आहे. दुसरा प्रकार फ्लॅट प्लेटचा, म्हणजे काचेखालच्या सपाट पॅनेलचा. त्याच्या तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात आणि काही वर्षांत फिरणारं पाणी अडतं. काचेच्या ट्यूबेतही क्षार जमतात, पण ट्यूब काढून धुता येते, फुटली तर एकटीच बदलता येते.

आता गच्ची. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं हे सगळ्यांना माहीत असतं, सावलीचं कोणी बघत नाही. २२ डिसेंबरला साताऱ्यात दुपारीसुद्धा सूर्य ४९ अंशांच्या आसपासच चढतो. ३ मीटर उंचीच्या टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे अडीच मीटरच्या पुढे जाते. म्हणून थंड पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली सोलरच्या उत्तरेला ठेवा, निदान दक्षिणेला तरी नको. मे महिन्यात जागा बघायला येणाऱ्या माणसाला ही सावली दिसतच नाही.

थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर हवा, नाहीतर थंड टाकी अर्धी झाली की सोलर भरणंच थांबतं. सोलरचा हवेचा पाइप थंड टाकीच्या भरलेल्या पातळीहून फूटभर वर न्या. तो आखूड राहिला तर गरम पाणी रात्रभर गच्चीवर सांडतं.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र प्रेशर पंपाच्या असतात. टाकी १० मीटर वर असेल तर नळाला एक बार दाब मिळतो. तुमच्या वरच्या मजल्याला टाकीपासून तीनेक मीटरच अंतर मिळणार, म्हणजे जेमतेम ०.३ बार, शॉवर रडणार. मग लोक पंप बसवतात, तोही फक्त थंड लाइनवर. गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ, म्हणजे मिक्सर, अर्धवट उघडा राहिला की जोरातलं थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये घुसतं आणि थेट सोलरच्या टाकीत जातं. घरमालक म्हणतो सोलर खराब निघाला, कंपनीचा माणूस येऊन ट्यूबा पुसून जातो, आणि दोष तिथेच राहतो. पंप बसवायचाच असेल तर दोन्ही लाइनींना सारखा दाब द्या आणि गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाका. साध्या सोलरच्या टाकीला थंड पाणी पंपातून कधीही देऊ नका. ती टाकी दाबासाठी केलेली नसते, फुगून गळायला लागते.

गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची), वरून फोमचं आवरण, आणि शक्य तितकी आखूड. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. २० मीटरची लाइन असेल तर पहिले ५ लिटर गारच येणार. ते पाणी बादलीत धरून झाडांना घाला, पण लाइन लांबवू नका. बाथरूम एकाखाली एक किंवा एकमेकांना लागून येत असतील तर हा प्रश्न निम्म्यावर येतो.

गिझर ६० वर ठेवा. त्यापुढे क्षार भराभर बसतात, आणि खूप कमी ठेवून पाणी दिवसेंदिवस कोमट साठवणंही बरं नाही, त्यात जंतू वाढतात. बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी आतली कांडी, लवकर संपतो, दरवर्षी उघडून बघा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकलं तर घाबरू नका, तापलेलं पाणी फुगतं. पण तो व्हॉल्व्ह कोणी बूच मारून बंद करू म्हणालं तर त्याला घरातून काढा.

२ किलोवॉटला ९ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. प्रत्येक गिझरला बोर्डापासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

गॅस गिझरचं म्हणाल तर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॉट लागतात. म्हणजे तो पाणी भराभर देतो हे खरं, पण तेवढा गॅस ज्या खोलीत जळतो तिथली हवा तो खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. आजी-आजोबा आतून कडी लावून आंघोळ करणार. तुम्हाला गॅस हवाच असेल तर गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, पाइप आत. मी मात्र त्यांना १५ लिटरचा विजेचा गिझरच देईन, बटण दाराबाहेर. दुसरा गिझर मुलांच्या बाथरूमला लावा, तिसरी बाथरूम सोलरवर भागेल.